स्केटबोर्डाचा पाट आणि सुताराची परिभाषा

विजेवर चालणारा स्केटबोर्ड घरी तयार करू इच्छिणाऱ्यास त्याचे बहुतेक अवयव बाजारात तयार मिळतात. मोटर, बॅटरी, वेगनियंत्रक, चाके आणि चाकांचा आस धरणारे धातूचे सांगाडे ही सर्व सामग्री कारखान्यात बनते व विकतच घ्यावी लागते. ज्यावर मनुष्य प्रत्यक्ष उभा राहतो ती लाकडी फळी मात्र घरी घडविता येते, आणि घरगुती कारागिराच्या कौशल्याची कसोटी तेथेच लागते. इंग्रजीत या फळीस 'डेक' म्हणतात. तिच्या घडणीविषयी जे लिहिले गेले आहे ते जवळजवळ सर्व इंग्रजीत आहे. त्यामुळे मराठी तरुण करवत हाती धरतो खरा, परंतु लाकडाचा विचार तो परक्या शब्दांच्या आधाराने करू लागतो.

वस्तुतः या कामातील एकही क्रिया मराठीला नवी नाही. लाकूड निवडणे, चिरणे, रंधणे, सांधणे, त्यास बाक देणे, भोके पाडणे आणि त्याची कड राखणे या सर्व क्रियांना सुताराच्या बोलीत नावे आहेत. ही नावे केवळ खुणेपुरती नाहीत. त्यांतील पुष्कळ नावांच्या पोटी कामाचा एखादा नियम किंवा एखादी सावधगिरीची सूचना दडलेली असते. नाव विसरले की सूचनाही विसरली जाते, आणि स्केटबोर्डाच्या बाबतीत त्या विस्मरणाची किंमत उभ्या राहणाऱ्याच्या हाडांना मोजावी लागते. ही गोष्ट स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. फळीखालची चाके

स्केटबोर्डाचा उगम अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात १९५० नंतरच्या दशकात झाला. पायात बांधावयाच्या चाकांच्या बुटांची चाके काढून ती साध्या फळीस खालून ठोकण्यापासून या खेळास आरंभ झाला. १९७० नंतरच्या दशकात पॉलियुरेथेनची मऊ, परंतु चिवट चाके प्रचारात आली. खडबडीत रस्त्यावरही मग फळीचा वेग व तोल टिकू लागला. मोटर व बॅटरी यांची जोड पुढे मिळाली; आणि लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या सर्वत्र उपलब्ध झाल्यानंतर घरगुती प्रयोगांना मोकळे रान मिळाले.

फळीखाली चाके ठोकण्याची ही कल्पना महाराष्ट्रातील मुलांना अगदी परकी होती असे नाही. मोटार-दुरुस्तीच्या दुकानात टाकून दिलेल्या बेअरिंगा मिळवून, त्या आडव्या दांड्याच्या टोकांवर ठोकून बसवावयाच्या, पुढचा दांडा एका बोल्टाभोवती फिरता ठेवावयाचा आणि वर एक फळी जोडावयाची, अशी 'बेअरिंगची गाडी' अनेक मराठी शहरांतील मुलांनी उतारावर पळविली आहे. छत्रपती संभाजीनगर हे चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहतींचे शहर. वाळूज येथे १९८५ मध्ये दुचाकींचा मोठा कारखाना सुरू झाला, आणि २०२४ मध्ये बिडकीन येथे विजेच्या दुचाकींच्या कारखान्याची घोषणा झाली. यंत्रांच्या अशा सहवासात वाढलेल्या पिढीस फळी, चाक व मोटर यांचा संयोग स्वाभाविक वाटावा, यात नवल नाही.

भाषेच्या दृष्टीने 'बेअरिंगची गाडी' हे नाव लक्षणीय आहे. जो अवयव बाहेरून आला त्याचे नाव बाहेरचे राहिले. गाडी, फळी, दांडा, खिळा, दोरी हे जे घरचे होते ते घरचेच राहिले. मुलांनी कोणत्याही परिभाषा-समितीच्या साहाय्यावाचून हा विवेक दाखविला. स्केटबोर्डाच्या परिभाषेसही हेच धोरण लागू करता येईल. समग्र वस्तूचे नाव, मोटर आणि बॅटरी हे शब्द आहेत तसे राहोत. लाकूड मात्र मराठीतच बोलले पाहिजे.

२. फळी की पाट?

मराठीत लिंगभेदाचा उपयोग आकारभेद दाखविण्यासाठी होतो, हे सर्वश्रुत आहे. 'गाडा' मोठा, 'गाडी' त्याहून लहान, आणि 'गाडे' यात किंचित बेफिकिरीची छटा. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ग्रामव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथास 'गाव-गाडा' हे नाव दिले. तेथे 'गाडी' चालली नसती, कारण साऱ्या गावाचा भार वाहणारे वाहन पुल्लिंगीच हवे. याच रीतीने 'फळा' भिंतीवरचा व रुंद. 'फळी' अरुंद व हाताळण्याजोगी. 'फळकूट' ओबडधोबड व बिनकामाचे. संस्कृत 'फलक' शब्दापासून निघालेल्या या कुटुंबाशेजारी 'पट्ट' शब्दापासून आलेले पाट, पाटा, पाटी हे दुसरे कुटुंब नांदते. शिवाय फारसीतून आलेला 'तक्ता' आहेच.

या दोन कुटुंबांत एक सूक्ष्म भेद आहे. 'फळी' हे प्रथमतः करवतीखालून निघालेल्या लाकडाचे नाव आहे. तिचे पुढे काय करावयाचे हे अद्याप ठरलेले नसते. 'पाट' ही घडवून पूर्ण केलेली वस्तू आहे. ती रंधलेली व कडा मारलेली असते, आणि मनुष्याचा भार घेण्यासाठीच बनविलेली असते. फळीचा पाट होतो, पाटाची फळी होत नाही. म्हणून कच्च्या लाकडास 'फळी' व त्यापासून घडविलेल्या 'डेक'ला 'पाट' म्हणणे युक्त होईल. पाण्याचा पाट किंवा पुनर्विवाहाचा पाट यांच्याशी घोटाळा होईल ही शंका व्यर्थ होय. संदर्भ तो घोटाळा होऊ देत नाही. उलट, चाकांचा आस धरणाऱ्या सांगाड्यास इंग्रजीत जो 'ट्रक' शब्द आहे तो मराठी कानास मालमोटारच सुचवितो. तेथे 'आसाचा सांगाडा' असे साधे वर्णन अधिक सोयीचे आहे.

३. लाकडाची निवड

पाट एकसंध फळीचा असावा की अनेक पातळ थर चिकटवून केलेला असावा, हा पहिला प्रश्न होय. एकसंध फळी घ्यावयाची तर तिचे धागे पाटाच्या लांबीच्या दिशेने, म्हणजे उभे, असले पाहिजेत. लाकूड धाग्यांच्या दिशेने बळकट आणि त्यांच्या आडवे दुबळे असते. आडव्या धाग्याची फळी दोन आसांच्या मधोमध पाऊल पडताच काडकन मोडते. गाठ असलेली फळीही वर्ज्य, कारण गाठीभोवती धागे वळसा घेतात व त्यांची सरळ ओढ तुटते.

साग टिकाऊ आहे व ओलाव्याने फारसा फुगत नाही. परंतु तो तेलकट असल्यामुळे त्यावर चिकटद्रव्य नीट धरत नाही, म्हणून चिकटविण्यापूर्वी त्यावर ताजा रंधा मारावा लागतो. बाभूळ अतिशय चिवट; बैलगाडीच्या चाकांसाठी ती पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली, ती याच गुणामुळे. परंतु ती जड असते आणि तिची लांब, सरळ फळी मिळणे दुष्कर असते. शिसव जड व महाग आहे. कॅलिफोर्नियाकडील परंपरेत साखर-मेपल या झाडाचे लाकूड प्रमाण मानले जाते, कारण त्यात कठीणपणा व लवचीकपणा यांचा मेळ आहे.

मराठवाड्याच्या हवेचाही विचार करावा लागतो. येथील उन्हाळा कडक व कोरडा, तर पावसाळ्यात हवेतील ओल एकदम वाढते. लाकूड ओल घेते तेव्हा आडव्या दिशेने फुगते, आणि ओल सोडते तेव्हा आकसते. दोन्ही बाजूंनी ही क्रिया सारखी घडली नाही की फळीस दोष येतो. सुतार त्या दोषांची नावे वेगवेगळी ठेवतो. लांबीत वाकली तर 'बाक', दोन टोके विरुद्ध दिशांना फिरली तर 'पीळ', धागे एकमेकांपासून दूर झाले तर 'भेग'. स्केटबोर्डात यांतील पीळ सर्वांत घातक. पिळलेल्या पाटावर चारही चाके एकाच वेळी जमिनीस टेकत नाहीत, आणि वेग वाढताच पाट थरथरू लागतो. नुसते 'लाकूड खराब झाले' म्हणणाऱ्यास हा भेद दिसत नाही. 'पीळ' हा शब्द ज्याच्या जिभेवर आहे तो फळी विकत घेण्यापूर्वीच ती डोळ्यांसमोर आडवी धरून दोन्ही टोकांच्या कडा समांतर आहेत की नाहीत हे पाहतो.

४. पदर

एकसंध फळीचे हे दोष टाळण्यासाठीच थरांचा पाट प्रचारात आला. या थरास मराठीत 'पदर' हा अत्यंत समर्पक शब्द आहे. पोळीला पदर सुटतात, दोर तीन पदरी असतो. आणि पदराहूनही पातळ जो सुटा पडदा त्यास 'पापुद्रा' म्हणतात. लाकडाचे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचे ७ पदर एकमेकांस चिकटविले की साडेदहा मिलिमीटरांचा पाट तयार होतो. प्रचलित स्केटबोर्डांची घडण साधारणतः अशीच असते.

पदर मांडण्याची रीत महत्त्वाची आहे. सर्व पदर उभे ठेवले तर पाट लांबीत बळकट होईल, पण रुंदीत उभा चिरेल. म्हणून काही पदर आडवे घालतात. पैठणी व हिमरू विणणाऱ्या या प्रदेशास उभ्या-आडव्या धाग्यांचे महत्त्व सांगावयास नको. फरक एवढाच की, कापडात ताणा व बाणा एकमेकांत गुंततात, लाकडात ते केवळ एकमेकांवर निजतात व चिकटद्रव्याच्या भरवशावर राहतात.

बाजारी प्लायवुडात पदर एकाआड एक उभे व आडवे असतात. स्केटबोर्डात मात्र ७ पैकी तिसरा व पाचवा हे दोनच पदर आडवे घालण्याची रीत रूढ आहे. तिचे कारण गणिताने उकलते. वाकण्यास होणारा विरोध मुख्यतः बाहेरच्या पदरांकडून होतो, मध्यभागाजवळचे पदर त्यात अल्पच भर घालतात. आडव्या पदरांचा लांबीतील वाटा शून्य धरला, तर एकाआड एक मांडणीत सर्व पदर उभे असतानाच्या ताठपणापैकी सुमारे ७१ टक्के उरतो. तिसरा व पाचवा पदरच आडवा ठेवल्यास सुमारे ९२ टक्के उरतो. अर्थात रुंदीतील चीर टाळण्यासाठी लांबीतील ताठपणाचा केवळ सुमारे तेरावा हिस्सा खर्ची पडतो.

पदर एकमेकांपासून अलग होणे यास 'पदर सुटणे' म्हणतात. हा वाक्प्रचार घरोघरी पोळीच्या संदर्भात कौतुकाने उच्चारला जातो. पाटाच्या संदर्भात तो धोक्याची सूचना आहे. ज्या दिवशी ७ पदरांचा पाट मधोमध सुटून अनुक्रमे ३ व ४ पदरांचे दोन पाट होतो, त्या दिवशी त्यांचा एकत्रित ताठपणा मूळच्या सुमारे चतुर्थांशावर येतो. म्हणून जुन्या पद्धतीचा सरस येथे निरुपयोगी होय. तो ओलाव्याने मऊ पडतो. पाण्याने न सुटणारे चिकटद्रव्य किंवा इपॉक्सी वापरणे अवश्य आहे. तयार प्लायवूड घ्यावयाचे असल्यास आय. एस. ७१० या भारतीय मानकाचे, उकळत्या पाण्यातही न सुटणारे प्लायवूड घ्यावे.

५. बाक

फळी आपणहून वाकली तर तो दोष. सुताराने हेतूपूर्वक वाकविली तर तो गुण. मराठीत दोहोंसही 'बाक' म्हणतात, आणि त्यात विसंगती नाही, कारण भेद बाकात नसून हेतूत आहे. पाटास दोन प्रकारचे बाक देतात. लांबीत मध्यभाग किंचित उचललेला ठेवतात, त्यास 'कमान' म्हणावे. मनुष्य उभा राहिला की ती कमान दबून पाट सपाटीस येतो. रुंदीत कडा किंचित वर व मध्य खाली ठेवतात, त्यास 'खोल' म्हणावे. खोलीमुळे पावलास कडेचा अंदाज मिळतो आणि पाट लांबीतही अधिक ताठ होतो. हातात धरलेला कागद मधोमध किंचित दुमडला की तो आडवा उभा राहतो, त्यातलेच हे तत्त्व.

वाकवलेल्या लाकडाच्या आकाराचे या प्रदेशास जुने आकर्षण आहे. वेरूळच्या दहाव्या लेण्यास 'विश्वकर्मा' म्हणतात, आणि लोकमुखात ते 'सुताराचे झोपडे' म्हणून प्रसिद्ध आहे. सातव्या शतकातील या चैत्यगृहाच्या छतास लाकडी वाशांच्या कमानींचे अनुकरण करणाऱ्या फासळ्या पाषाणातून कोरलेल्या आहेत. दगडास त्या फासळ्यांची गरज नव्हती. परंतु सुताराने घातलेले वळण पाथरवटास सोडवले नाही. कार्ल्याच्या चैत्यात तर मूळच्या लाकडी फासळ्या सुमारे दोन हजार वर्षांनंतर अद्यापि पाहावयास मिळतात.

पाटास बाक देण्यासाठी साचा करावा लागतो. हव्या त्या आकाराचे दोन लाकडी साचे घेऊन, त्यांमध्ये चिकटद्रव्य लावलेले पदर ठेवून, शिकंज्यांनी चोहोबाजूंनी सारखे आवळावे व किमान एक दिवसरात्र तसेच ठेवावे. शिकंजे पुरेसे नसल्यास हवाबंद पिशवीतून हवा काढून घेण्याची युक्ती आहे. हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलो असतो. तेव्हा ९० सेंटिमीटर लांब व २३ सेंटिमीटर रुंद पाटावर तो जास्तीत जास्त सुमारे दोन टन भरतो, आणि तोही सर्वत्र सारखा. साच्यातून काढल्यावर पाट थोडा मागे उलगडतो. म्हणून साच्याचा बाक हवा त्याहून किंचित अधिक ठेवावा.

६. लवणे, वाकणे, मोडणे

भाराखाली लाकडाचे काय होते हे सांगण्यास मराठीत तीन धातू आहेत, आणि पदार्थविज्ञानातील तीन अवस्थांशी त्यांचे नाते आश्चर्यकारक रीतीने जुळते. 'लवणे' यापासून 'लवचीक' होतो. जे भार उतरताच पूर्ववत् होते ते लवचीक. 'वाकणे' याच्या शेजारी 'वाकडा' उभा आहे. जे वाकले ते वाकडेच राहिले. 'मोडणे' याचे स्पष्टीकरण नको. पाट लवला पाहिजे, वाकता कामा नये आणि मोडता तर मुळीच कामा नये. पाटाच्या रचनेचा सारा उद्देश या एका वाक्यात येतो.

किती लवावा, हे मात्र मोजून ठरवावे लागते. ७० किलो वजनाचा मनुष्य ७० सेंटिमीटर अंतरावरील दोन आसांच्या मधोमध उभा आहे, पाट २३ सेंटिमीटर रुंद असून त्याचे लाकूड सागासारखे ताठ आहे, असे धरले तर १२ मिलिमीटर जाडीचा पाट सुमारे १२ मिलिमीटर लवतो. जाडी १५ मिलिमीटर केली तर तो सुमारे ६ मिलिमीटरच लवतो, कारण ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. तीन मिलिमीटरांनी लवणे निम्म्यावर येते. हा हिशेब स्थिर उभे राहण्याचा आहे. तोच भार एकाएकी पडला तर लवणे दुपटीपर्यंत जाते, आणि रस्त्यावरील प्रत्येक खड्डा हा एकाएकी पडणारा भारच असतो.

विजेच्या स्केटबोर्डात हा प्रश्न अधिक गंभीर होतो. साध्या स्केटबोर्डाचा पाट लवला तर पायास सुख वाटते. येथे पाटाच्या पोटाशी बॅटरी बांधलेली असते. तिच्यातील घट निकेलच्या पातळ पट्ट्यांनी एकमेकांस जोडलेले असतात. पाट लवला की त्या पट्ट्या ताणल्या जातात. हजारो वेळा ताणल्यावर त्या तुटतात किंवा त्यांचे आवरण घासून आत शॉर्ट सर्किट होते. लिथियमच्या बॅटरीत त्याचा शेवट आगीत होऊ शकतो. म्हणून कारागिराने दोहोंपैकी एक मार्ग पत्करावा : पाट जाड व ताठ करावा, अथवा बॅटरीचे लहान गट पाडून ते लवचीक तारेने जोडावेत. मधला मार्ग नाही.

आसाचा सांगाडा बसविण्यासाठी प्रत्येक टोकास चार भोके लागतात. त्यांचे अंतर ठरलेले आहे : रुंदीत ४१.३ मिलिमीटर, आणि लांबीत ५४ मिलिमीटर, जुन्या रीतीत लांबीतील अंतर ६३.५ मिलिमीटर असे. दोन्ही टोकांची भोके एकाच मध्यरेषेवर नसतील तर पाट सतत एका बाजूस ओढतो. यासाठी प्रथम पाटाच्या मधोमध सूत ताणून रेघ पाडावी. 'सुतार' हा शब्द 'सूत्रधार' या संस्कृत शब्दापासून आला आहे. सूत धरणे हेच त्याचे मूळ कर्म. बोल्टाखाली चकती, जिला कारागीर 'वायसर' म्हणतात, घालावी, म्हणजे बोल्टाचे डोके लाकडात रुतत नाही.

शेवटी पाटाच्या कडा पॉलिश पेपराने घासून त्यांवर व भोकांच्या आतून व्हार्निशाचे दोन-तीन हात द्यावेत. पाणी पाटाच्या पाठीवरून शिरत नाही, ते उघड्या कडेतून व भोकांतून शिरते आणि तेथूनच पदर सुटू लागतात. मोटर जोडण्यापूर्वी पाट आसांच्या जागी दोन विटांवर टेकवून त्यावर धान्याची पोती हळूहळू ठेवावीत. टोकापासून टोकापर्यंत सूत ताणून पाट किती लवला ते मोजावे. पोती काढल्यावर पाट पूर्ववत् झाला तर तो लवला, न झाला तर तो वाकला. वाकलेल्या पाटावर मनुष्याने उभे राहू नये.

७. उपसंहार

मोल्सवर्थच्या कोशात, ज्याची दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, आणि दाते-कर्वे यांच्या १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झालेल्या महाराष्ट्र शब्दकोशात कारागिरांचे शब्द विपुल आहेत. परंतु कोश वर्णानुक्रमाने चालतो, काम क्रियेच्या क्रमाने चालते. त्यामुळे एका फळीचे शब्द कोशात दूरदूर विखुरतात, आणि त्यांना बांधणारे कामाचे सूत्र हरवते. १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाल्यानंतर शास्त्रीय परिभाषाकोश निघाले. त्यांचा कल मुख्यतः संस्कृतातून शब्द घडविण्याकडे राहिला. या परंपरेत 'प्रत्यास्थता' हा शब्द आला, तो परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत शोभतो. पण विटांवर टेकलेल्या पाटाजवळ उभ्या असलेल्यास 'लवणे' व 'वाकणे' यांतील भेदच अधिक उपयोगी पडतो.

बैलगाडीस रबराचे टायर आले, गाडीचा सांगाडा लोखंडाचा झाला, आणि सुताराच्या हातून गाडीचे काम सुटत गेले. कामाबरोबर शब्दही सुटतात. ते केवळ वृद्ध कारागिरांस विचारून टिपून ठेवल्याने जिवंत राहत नाहीत. नवे काम मिळाले तरच ते टिकतात. विजेच्या स्केटबोर्डाचा पाट हे असे एक नवे काम आहे. ज्यांस भाषाशास्त्रातील क्षेत्रकार्य करावयाचे असेल अशा विद्यार्थ्यांनी शब्दांची यादी घेऊन सुताराकडे जाण्याऐवजी एक फळी घेऊन जावे, तिचा पाट होईपर्यंत तेथे बसावे, आणि प्रत्येक क्रियेच्या वेळी उच्चारलेला शब्द त्या क्रियेसह नोंदवावा. अशी नोंद कोशास तर उपकारक होईलच. परंतु त्याहून अधिक उपकार ती त्या पाटावर उभ्या राहणाऱ्यावर करील.